जुन्या वेगवान गाडीचे ब्रेक आणि सेंट्रल लॉकिंग: पार्ट मागवण्याआधी दोष कसा पकडावा

दमदार इंजिनाची वीसेक वर्षं जुनी गाडी बहुतेकदा पळून बिघडत नाही, उभी राहून बिघडते. आठवडेच्या आठवडे झाकून ठेवली की कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन गंजतात, ब्रेक ऑइल नेणारे रबरी होज आतून फुगतात, दरवाज्यातलं ग्रीस घट्ट होतं. मग मालक नवा मास्टर सिलेंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) नाहीतर लॉकिंगचं अख्खं कंट्रोल युनिट मागवतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. म्हणून इथे भर दोष शोधण्यावर आहे. पाना फिरवणं त्यामानाने सोपं. आधी ब्रेकचं बघा. लॉक रुसलं तरी चावीने दार उघडता येतं.

हात घालण्याआधी

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उटी (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावा. जॅक फक्त उचलण्यापुरता. काम सुरू करण्याआधी वजन स्टँडवर आलंच पाहिजे. ब्रेकची धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपानेही उडवू नका. फार जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, कारण ते रंग खातं.

पेडल काय सांगतं

पेडल स्पंजी लागतं आणि भराभर पंप केल्यावर कडक होतं, तर लाइनमध्ये हवा असण्याची शक्यता जास्त. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर आधी बाहेरची गळती शोधा; ती नसेल तर मास्टर सिलेंडरचे सील आतून गळत असावेत. पेडल दगडासारखं झालंय असं वाटलं तर बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग) तपासा: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, मग पाय दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह बघा.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते; पॅडचा थर तिच्यावर कमीजास्त चिकटलेला असतो, किंवा हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाच्या) तोंडावर गंज असल्याने ती तिरकी बसलेली असते. हब तारेच्या ब्रशने घासा, मग डिस्कची जाडी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर डिस्क बदलायचीच.

एक चाक धरून राहतंय?

गाडी एका बाजूला ओढते, थोडं चालवल्यावर एक रिम दुसरीपेक्षा जास्त तापते. इथे बहुतेकजण सरळ कॅलिपर बदलतात. त्याआधी ही तपासणी करा.

१. चाक अधांतरी ठेवून पेडल दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर पुढे जा.

२. कॅलिपरच्या ब्लीडर निपलला (हवा आणि तेल बाहेर काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा सैल करा. तेलाची पिचकारी येऊन चाक मोकळं झालं, तर लाइनमध्ये दाब अडकलाय. कॅलिपर निर्दोष आहे. चाक तसंच जड राहिलं, तर पिस्टन, पॅड, पिना किंवा हँडब्रेकची केबल दोषी.

३. दाब अडकला असेल, तर निपल बंद करून पेडल पुन्हा दाबून सोडा. आता रबरी होज जिथे लोखंडी पाइपाला जोडला आहे, तो वरचा जोड सैल करा. तिथे चाक सुटलं तर दोष वर आहे: मास्टर सिलेंडर, पेडलच्या दांड्याला ढिलाई नसणं, नाहीतर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) भाग. तिथे सुटलं नाही आणि निपलवरच सुटतं, तर होज आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी नवा दिसू शकतो. आत मात्र तेल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. होज दोन्ही बाजूंचे बदला.

या जोडांना साधा पाना लावला की नटाचे कोपरे झिजतात. नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नटचा पाना वापरा. गंजलेला निपल सहा कोनी सॉकेटनेच फिरवा आणि आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

सरकत्या कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या खनिज ग्रीसने रबर फुगतं. वेगवान गाड्यांच्या ॲल्युमिनियम फिक्स्ड कॅलिपरना या पिना नसतात. त्यांचं दुखणं वेगळं: पॅडच्या कडेला स्टीलच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्याखाली पांढरा क्षार साचतो, पट्टी उचलली जाते आणि पॅड अडकतं. पट्टी काढा, खालचा भाग खरवडा, पट्टी पुन्हा बसवा. पॅड बोटांनी सरकलं पाहिजे.

तेल बदलणं

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाटात लागोपाठ जोरात ब्रेक दाबणाऱ्या गाडीसाठी हा फरक मोठा आहे. दर दोन वर्षांनी बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका, डॉट ५.१ चालतं.

हवा काढताना सहसा मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असेल तर तोच पाळा. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नका: सिलेंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज असतो आणि त्यावर सील फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल मध्येच संपू देऊ नका.

शेवटी गाडी उभी असतानाच पेडल कडक होईपर्यंत दाबा, मगच गाडी हलवा. मनात जराही शंका असेल तर ब्रेक जाणकाराकडून तपासून घ्या.

सेंट्रल लॉकिंग

पहिला प्रश्न: सगळे दरवाजे बंद पडलेत की एकच? सगळे असतील तर फ्यूज, गाडीची बॅटरी, रिमोटचा सेल आणि ड्रायव्हरच्या दाराचा स्विच बघा. एकच असेल तर त्याच दारात शोधा. दार अर्धं उघडल्यावर लॉक चालतं आणि बंद केल्यावर नाही, असं असेल तर बिजागराजवळच्या रबरी नळीतल्या वायरींवर संशय घ्या. दर उघडझापेला त्या वाकतात आणि आवरणाच्या आत तुटतात. नळी मागे सारून एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली रबरासारखी ताणली जाते. जोड देताना लवचीक वायर वापरा आणि सगळे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका. तिथे सोल्डर केलं तर वायर कडक होऊन सोल्डरच्या कडेला पुन्हा तुटते, त्यामुळे क्रिंप (दाबून घट्ट बसवलेला जोड) बरा.

वायरी शाबूत असतील तर दाराचं पॅड (आतलं आवरण) काढा. दारात एअरबॅग असेल तर आधी बॅटरी सोडा, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी हाताशी ठेवा. आता लॉक मोटरचा प्लग काढून तिथे मल्टिमीटरऐवजी १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा. मोटरला करंट क्षणभरच येतो, मीटरला तो पकडता येत नाही; शिवाय एकच तंतू शिल्लक असलेल्या वायरीवरही मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब लॉक करताना आणि उघडताना दोन्ही वेळा स्वच्छ चमकला तर मोटर गेली किंवा लॅच (दार धरून ठेवणारा खटका) घट्ट झालंय. लॅच साफ करून वंगण द्या, मगच मोटरकडे वळा.

१९८० आणि ९० च्या दशकांतल्या अनेक मर्सिडीज आणि ऑडी गाड्यांत मोटरऐवजी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा आहे. तिचा पंप लॉक केल्यावर बराच वेळ गुरगुरत राहिला तर कुठेतरी नळी किंवा लॉक हलवणारा रबरी पडदा फाटलाय. एकेका दाराची नळी चिमटून बघा. जिथे पंप लवकर थांबतो, ते दार दोषी.

लॉकिंगची चाचणी दार उघडं ठेवून करा. स्क्रूड्रायव्हरने लॅच बंद स्थितीत ढकला, म्हणजे दार लागलंय असं गाडीला वाटेल. काच खाली ठेवा, चावी खिशात ठेवा आणि दार ढकलण्याआधी हँडल ओढून लॅच पुन्हा उघडा, नाहीतर बंद लॅच खांबावरच्या कडीवर आपटून वाकेल.