टेक नोकरीसाठी कुटुंब हलवायचं का? आधी हा हिशोब करा
वार्षिक पॅकेजचा आकडा बाजूला ठेवा. कर कापून दरमहा हातात येणाऱ्या रकमेतून तिथलं घरभाडं, शाळेची फी, प्रवास, विमा वजा करा आणि उरेल ते आजच्या शिलकीशी ताडून पाहा. जोडीदाराची नोकरी सुटणार असेल तर तो पगार तिथल्या कमाईत धरू नका, पण आजच्या शिलकीत धरा. हिशोब बहुतेकदा इथेच फसतो. पॅकेजमध्ये कंपनीचे शेअर्स असतील तर तेही धरू नका: ते टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि पहिला टप्पा अनेकदा वर्षभरानंतरच येतो. सामान हलवण्याचा खर्च कंपनी देणार असेल, तर किती महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल, हे करारात नीट वाचा. सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी नसेल तर आधी एकानेच जावं. मुलांची शाळा वर्षाच्या मधेच तोडू नका.