डॉक्टर-नर्सना पबमेडवर शोधायला कसं शिकवावं

लॅपटॉप आणि नेट धरून चालते. स्लाइड नकोत, पहिल्याच मिनिटाला सगळ्यांना पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधन लेख शोधायची वेबसाइट, उघडायला लावा. ते फुकट आहे, खातंही लागत नाही.

गाडी अडते ती रुग्णाच्या बोलण्यातून शोधाचे शब्द काढताना, आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही. रबाळे एमआयडीसीतला कामगार ओपीडीत सांगतो, "मॅडम, सोल्युशन लावायचं काम आहे, थिनरने हात धुतो, पायाला मुंग्या येतात." यातलं 'थिनर' तसंच टाकलं, तर 'पातळ' या अर्थाचे भलतेच लेखही येतात. म्हणून आधी डब्यात काय आहे ते विचारायला लावा. कंपनीकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाच्या सुरक्षेची माहिती देणारा कागद, मागवायची; तिच्या तिसऱ्या भागात रसायनाचं नाव आणि सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) असतो. एन-हेक्झेन (नसांना इजा करणारं एक द्रावक) असेल तर ११०-५४-३. हा नंबर पबकेम या रसायनांच्या माहितीच्या वेबसाइटवर टाकला की विषारीपणाची माहिती एका जागी मिळते. जुन्या नोट्समध्ये टॉक्सनेट या विषारी रसायनांच्या जुन्या वेबसाइटचा पत्ता असेल तर खोडा. ते २०१९ मध्ये बंद झालं.

आता पबमेडच्या मेश यादीतून (लेखांना विषयवार लावलेल्या ठरावीक शब्दांची यादी) 'हेक्झेन्स' आणि 'पेरिफेरल नर्व्हस सिस्टिम डिसीजेस' (हातापायांच्या नसांचे आजार) घ्या, मध्ये कॅपिटल अक्षरांत अँड. 'ऑक्युपेशनल एक्स्पोजर' (कामावर होणारा संपर्क) लगेच जोडू नका. लेख फार आले तरच. नुसत्या मेशवर विसंबलात तर मेश शब्द अजून न लागलेले ताजे लेख निसटतात, म्हणून तेच साधे शब्द ऑर लावून कंसात घाला. कंस विसरलात तर पबमेड डावीकडून उजवीकडे जातं आणि अर्थ बदलतो.

"अवतरणचिन्हं लावा, नेमकं सापडेल" हा सल्ला मी वर्गात चालू देत नाही. त्याने पबमेडचं आपोआप मेश शब्द जोडणं बंद पडतं, लेख कमी येतात आणि शिकणाऱ्याला वाटतं की संशोधनच झालेलं नाही. रुग्णाच्या बाबतीत हा समज धोक्याचा आहे. त्यापेक्षा ॲडव्हान्स्ड पानावरच्या हिस्ट्रीत 'डिटेल्स' उघडायची सवय लावा. आपल्या शब्दांचं पबमेडने काय केलं ते तिथे अक्षरशः दिसतं.

फिल्टर ज्याचे त्याला जमतात.

सरावाला प्रत्येकाने आपल्याच ओपीडीतला प्रश्न आणायचा, रुग्णाचं नाव न सांगता. किती लेख मिळाले हे मी विचारत नाही, डिटेल्स उघडून दाखवायला सांगते.