कट्ट्यावर वाद घाला, पण या चुका टाळा

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर आमच्या तीन फेऱ्या होतात आणि मग दीड तास वाद. पेट्रोलमधलं इथेनॉल, पानिपत, गॅसचा स्फोट, विषयांना तोटा नाही. मी अंबडच्या एका कारखान्यात ३० वर्षं मेन्टेनन्सला होतो. मशिन बंद पडलं की तिथेही हेच चालायचं. ऑपरेटर म्हणायचा मोटर जळाली, सुपरवायझर म्हणायचा ऑपरेटरनेच काहीतरी केलं. जाऊन बघावं तर लिमिट स्विचमध्ये, म्हणजे मशिनचा भाग ठरल्या जागी आला की दाबल्या जाणाऱ्या बटणात, लोखंडाचा चुरा अडकलेला. तेव्हापासून माझी एक खोड आहे: कोण बरोबर हे नंतर, आधी वस्तू उघडून बघू.

साडूचा दाखला

नोटाबंदीनंतर, २०१६ च्या अखेरीस, दोन हजारच्या नोटेत जीपीएसची चिप आहे म्हणून आमच्यात महिनाभर रणकंदन झालं. तेही नाशिकमध्ये, जिथे नाशिकरोडची प्रेस १९२८ पासून नोटा छापते! प्रत्येकाचा कोणी ना कोणी साडू, मेहुणा प्रेसमध्ये, आणि प्रत्येकाच्या साडूने वेगळंच सांगितलेलं. रिझर्व्ह बँकेने असं काही नाही म्हटलं, तर 'ते कशाला कबूल करतील' हे उत्तर तयार.

चूक इथे होती की जीपीएस चालतं कसं, हे कोणी विचारलंच नाही. हातातलं जीपीएस फक्त ऐकतं. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत पकडून ते स्वतःची जागा ठरवतं. ती जागा दुसऱ्या कोणाला कळवायची तर वेगळा ट्रान्समीटर हवा आणि त्याला वीज हवी. कागदाच्या नोटेत बॅटरी कुठे बसवणार? हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर मिसळीवर गप्पा मारता आल्या असत्या.

न मोजता मायलेज सांगणं

सध्या जोर इथेनॉलवर, म्हणजे उसापासून बनवून पेट्रोलमध्ये मिसळतात त्या अल्कोहोलवर आहे. एक जण म्हणतो गाडीचं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं. निफाडकडचे ऊसवाले म्हणतात, काडीचा फरक नाही, उगाच आमच्या पोटावर पाय आणू नका. दोघांनीही मोजलेलं नाही.

इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ते २० टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा ६-७ टक्क्यांनी घटते. ५० देणारी बाईक ४६-४७ देईल, इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर घट याहूनही कमी. निम्मंच मिळत असेल तर इथेनॉलला सोडा आणि टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, एअर फिल्टर बघा. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांचं काय होतं हा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा. मायलेजच्या भांडणात तो मध्येच टाकला की दोन्ही भिजत पडतात.

मोजायची रीत सोपी आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटरचा आकडा लिहा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरा आणि भागाकार करा. असं निदान तीन वेळा. एकदा त्र्यंबकला डबलसीट जाऊन आलात आणि तोच आकडा कट्ट्यावर आणलात, तर मी तरी तो धरत नाही.

इतिहासात साक्षीदार न बघणं

रामशेज किल्ल्यावर वाद निघाला की आवाज ट्रॅकभर ऐकू जातो. आशेवाडीतून चढायला सुरुवात केली तर वर पोचायला फार वेळ लागत नाही, असा तो किल्ला. आणि १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातल्यावर तो पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. नाशिककराला त्याचा अभिमान नसेल तर कोणाला? पण अभिमान आला की भर पडत जाते. मागच्या महिन्यात एकाने गडावरच्या लाकडी तोफांची संख्या सांगितली, किती हत्ती मेले तेही सांगितलं.

आमच्यात देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. ते एवढंच म्हणाले, "लाकडाची नळी किती बार सोसेल?" शांतता. मग दुसरी बाजू उसळली: म्हणजे ही दंतकथाच!

तर तेही नाही. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या करून त्या चामड्याने मढवल्या, हे खाफीखानाने लिहिलं आहे. तो मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. शत्रूच्या माणसाने केलेलं कौतुक, म्हणून त्याला वजन आहे. पण तो वेढ्यानंतर कित्येक वर्षांनी लिहीत होता, म्हणून थोडं वजन काढूनही घ्यावं लागतं. आणि सुभेदारांचा प्रश्न तोफ होती की नव्हती हा नव्हताच, ती काय करू शकेल हा होता. थोडी दारू घालून, गोळ्याऐवजी दगड भरून काही बार ती काढू शकेल. लोखंडी तोफेसारखी दिवसभर धडधडणार नाही. तोफ होती म्हणणारा आणि ती टिकणार नाही म्हणणारा, दोघंही बरोबर असू शकतात. आमच्याकडे हे पटायला चार चहा लागले.

पानिपतचंही तसंच. 'तोफा नव्हत्या म्हणून हरलो' असं कोणी म्हटलं की इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आठवावा. १४ जानेवारी १७६१ ला त्या तोफांनी समोरची फळी फोडली होती. पण रसद तुटलेलं, उपाशी सैन्य, सोबत यात्रेकरू आणि बायकामुलांचा लोंढा, आणि अब्दालीने हाताशी राखलेली ताजी तुकडी, हे सगळं एकाच दिवशी एकत्र आलं. एका कारणावर बोट ठेवलं की बाकीची निसटतात.

'आमच्याकडे आठ वर्षं काही झालं नाही'

वरच्या वादांत चुकीची बाजू जिंकली तरी कोणाचं काही जात नाही. इथे जातं, म्हणून हे जरा सविस्तर.

हे वाक्य मीच बोललो होतो, बाथरूममधल्या गॅस गीझरबद्दल. एकाने धोका सांगितला तेव्हा मी त्याला हसलो. वर ऐकवलं, "गळती असती तर वास आला नसता का?" ३० वर्षं मेन्टेनन्सला काढलेला माणूस! सिलिंडरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. गीझरमध्ये मारतो तो कार्बन मोनॉक्साइड. ऑक्सिजन कमी पडून गॅस अर्धवट जळला की तो तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. म्हणजे मी एका गॅसचा दाखला दुसऱ्याला लावत होतो.

डिसेंबरची सकाळ होती, नाशिकची थंडी, झरोक्याला मीच पुठ्ठा लावलेला. बायको न्हाणीतून भिंत धरत बाहेर आली. डोकं ठणकतंय, मळमळतंय म्हणाली. मी म्हणालो, काल एकादशी झाली, पित्त असेल. गॅलरीत खुर्चीवर बसवल्यावर हळूहळू बरं वाटलं तिला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

तुमच्या घरी गॅस गीझर असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली तर वापर थांबवा, मेकॅनिक बोलवा. निळी आहे म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. आंघोळीत डोकं दुखलं, गरगरलं, तर पित्ताचा विचार नंतर. आधी दार उघडून बाहेर या, गीझर बंद करा, मग डॉक्टरकडे जा आणि त्यांना गीझरचं आवर्जून सांगा. आतून उत्तर येत नसेल तर दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

सिलिंडरच्या गळतीचं शास्त्र निराळं. तो गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही. चालू करायला नाही तसा बंद करायलाही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

आमचा गीझर आता गॅलरीत आहे. जुन्या नळीचं भोक मी सिमेंटने बुजवलंय, रंग तेवढा द्यायचा राहिलाय.