‘नको’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘मस्ट नॉट’ नव्हे
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीतील ‘मस्ट नॉट’ हमखास चकवते, कारण आपले ‘नको’ मनाई आणि ‘गरज नाही’ अशा दोन अर्थांनी चालते (शेजारच्या कन्नडमधले ‘बेड’ही तसेच); ‘मस्ट नॉट’चा अर्थ मात्र फक्त मनाई. सहलीच्या सूचनेतील ‘डबा आणायला नको’ या वाक्याचा अर्थ डब्याची गरज नाही असा असतो. त्याचे ‘यू मस्ट नॉट ब्रिंग अ टिफिन’ केले की डब्यावर चक्क बंदी येते. तेथे ‘यू डोन्ट हॅव टू ब्रिंग’ किंवा ‘यू नीड नॉट ब्रिंग’ लिहावे. ‘पाहिजे’साठीही सरसकट ‘मस्ट’ वापरणे मला उर्मटपणाचे वाटते. वडीलधाऱ्यांना काही सुचवताना ‘शुड’ पुरते. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘कॅन’ अशा सहायक क्रियापदांनंतर मुख्य क्रियापद मूळ रूपातच येते, म्हणून ‘शी कॅन सिंग्स’ चूक.