समुद्रावर हवामानाचा संदेश कसा पकडायचा आणि कसा वाचायचा

‘आम्हाला इशारा मिळालाच नाही’ असं एखाद्या बोटीवरून ऐकू येतं, तेव्हा बऱ्याचदा इशारा निघालेला असतो. हवामान सेवेने तो दिलेला असतो, किनाऱ्यावरच्या केंद्राने प्रसारितही केलेला असतो. तुटते ती शेवटची कडी, बोटीवरची. रिसीव्हर ऐन बंदर सोडतानाच चालू केलेला असतो, केंद्र भलतंच निवडलेलं असतं, नाहीतर संदेशातली वेळ आपल्या घड्याळाची समजलेली असते. त्यामुळे इथे भर या शेवटच्या कडीवर आहे.

मागची व्यवस्था थोडक्यात अशी. हवामान संदेशांसाठी जगातले समुद्र २१ विभागांत वाटले आहेत. त्यांना मेटएरिया म्हणतात आणि प्रत्येक विभाग ठरलेल्या राष्ट्रीय हवामान सेवांकडे सोपवलेला असतो. संदेश पोहोचवण्याचं काम जीएमडीएसएस या जागतिक सुरक्षा यंत्रणेतून होतं. ती १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणारी प्रवासी जहाजं आणि ३०० ग्रॉस टन व त्यावरची मालवाहू जहाजं, यांना तिची उपकरणं बाळगावीच लागतात. लहान बोटींवर तशी सक्ती नसते, पण प्रसारण सगळ्यांसाठी खुलं आहे आणि ते ऐकायला पैसे पडत नाहीत.

कोणतं साधन घ्यायचं हे किनाऱ्यापासून किती लांब जाणार यावर ठरतं. २०-३० सागरी मैलांपर्यंत व्हीएचएफ (जवळच्या अंतरावर बोलण्याचा रेडिओ), साधारण २५० ते ४०० मैलांपर्यंत नॅवटेक्स (संदेश आपोआप अक्षरांत उतरवणारा रिसीव्हर), त्यापलीकडे उपग्रह किंवा एचएफ (लांब पल्ल्याचा) रेडिओ. मोबाइलवरचं हवामानाचं ॲप बंदरात नियोजनासाठी चांगलं आहे, पण टॉवर मागे पडला की ते संपलं. निघाल्यावर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन वाटा हाताशी हव्यात. एकाच बॅटरीवर आणि एकाच अँटेनावर चालणारी दोन उपकरणं ही एकच वाट झाली.

नॅवटेक्स

लहान बोटीला एकच उपकरण घेणं शक्य असेल, तर व्हीएचएफनंतर हेच घ्यावं. ते अक्षरांत संदेश उतरवून ठेवतं, म्हणजे झोपेत असलात किंवा शिडाशी झुंजत असलात तरी संदेश हुकत नाही. ५१८ किलोहर्ट्झवर इंग्रजी संदेश येतात आणि ४९० वर त्या त्या देशाच्या भाषेतले. काही भागांत ४२०९.५ किलोहर्ट्झही वापरतात.

संदेशाची पहिली ओळ नीट ओळखायला शिका. समजा ती अशी आहे: ‘झेडसीझेडसी जीबी०७’. झेडसीझेडसी म्हणजे संदेश सुरू झाला. ‘जी’ हे केंद्राचं अक्षर. ‘बी’ हा विषय. ०७ हा त्या विषयातला अनुक्रमांक. शेवटी एनएनएनएन आलं की संदेश पूर्ण. ते दिसलं नाही तर खालचा भाग तुटला आहे असं समजा. विषयांपैकी ए म्हणजे नौकानयनाचे इशारे, बी हवामानाचे इशारे, सी बर्फाची माहिती, डी शोध आणि बचाव, ई हवामानाचा अंदाज. ए, बी, डी आणि एल (नौकानयनाचे आणखी इशारे) हे विषय रिसीव्हरवर बंद करता येत नाहीत. ई मात्र बंद करता येतो, आणि आधीच्या कुणीतरी कागद वाचवायला तो बंद करून ठेवलेला असतो. ताबा घेतल्यावर पहिल्यांदा ते तपासा. दुसरा सापळा केंद्रनिवडीचा: विषय बंद करता आला नाही तरी केंद्र वगळता येतं, आणि केंद्र वगळलं की त्याचे इशारेही गेले. जिथून निघता ते केंद्र, जिथे जाता ते आणि वाटेतलं प्रत्येक केंद्र चालू ठेवा. जगभरची सगळी केंद्रं चालू ठेवू नका, नाहीतर महत्त्वाचा कागद ढिगात हरवतो.

प्रत्येक केंद्राला दर चार तासांनी दहा मिनिटं मिळतात. एका गटात चोवीस अक्षरं, म्हणून हिशेब बरोबर २४० मिनिटांचा बसतो. ए केंद्राची पाळी ००:०० ला, बी ००:१०, याप्रमाणे जी ची ०१:००, मग ०५:००, ०९:००. या सगळ्या वेळा यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेच्या. इशारा आला की तो लवकरात लवकर आणि पुढच्या पाळ्यांतही दिला जातो, पण पूर्ण अंदाज सहसा दिवसातून दोन ठरलेल्या पाळ्यांतच येतो. त्यामुळे रिसीव्हर निघण्यापूर्वी किमान चार तास चालू हवा. बारा तास आधी चालू केलात तर एक अंदाज हमखास हाती पडतो.

आता बिघाडाकडे. नीट न उतरलेल्या अक्षराच्या जागी तारांकन छापलं जातं. चार टक्क्यांहून जास्त अक्षरं बिघडली, तर रिसीव्हर तो संदेश मिळाला असं धरत नाही आणि पुढच्या पाळीत पुन्हा छापतो. पण तीनच टक्के बिघडली, तर त्याच्या लेखी काम झालं आणि तो क्रमांक पुन्हा छापला जात नाही. नेमकी ती तीन टक्के वाऱ्याच्या आकड्यावर पडलेली असू शकतात. ‘वारा नैर्ऋत्य *५ नॉट’ यात ते १५ आहेत, २५ की ३५? अशा वेळी अंदाजाने आकडा भरू नका. साठवलेले संदेश पुसा म्हणजे पुढच्या पाळीत तो नव्याने येईल, किंवा व्हीएचएफवर किनारा केंद्राला विचारा.

तारांकनं वाढण्याचं कारण पुष्कळदा बोटीतच असतं. एलईडी दिवे, सौर पॅनेलचा चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर, लॅपटॉपचा चार्जर ही उपकरणं नॅवटेक्सच्या पट्ट्यात गोंगाट करतात. केंद्राची पाळी सुरू असताना एकेक उपकरण बंद करून पाहा. दोषी लगेच सापडतो. त्याच्या तारेवर फेराइटचं (गोंगाट शोषणारं) कडं बसवा किंवा अँटेना त्यापासून लांब हलवा. अँटेनाच्या जोडात गेलेलं खारं पाणी हे दुसरं नेहमीचं कारण. दिवसा स्वच्छ येणारं केंद्र रात्री बिघडत असेल, तर लांबचं त्याच अक्षराचं केंद्र रात्री आकाशातून परावर्तित होऊन आड येत असतं. तिथे उपकरणाचा दोष नसतो. दिवसाच्या पाळीवर भिस्त ठेवा.

व्हीएचएफ

किनारा केंद्र आधी चॅनेल १६ वर ‘सेक्युरिते’ (सुरक्षा संदेश येतो आहे याची खूण) तीनदा पुकारतं, मग कोणत्या चॅनेलवर जायचं ते सांगतं आणि पूर्ण संदेश तिथे वाचला जातो. डीएससी (अंकी हाक देण्या-घेण्याची सोय) असलेल्या रेडिओवर त्याआधी चॅनेल ७० वरून घंटा वाजते. काही देशांत हवामानासाठी अखंड चालणारे वेगळे चॅनेलही आहेत.

व्हीएचएफची पोच अँटेनाच्या उंचीवर ठरते. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, २.२५ ने गुणा. अंतर सागरी मैलांत मिळतं. किनाऱ्यावरचा मनोरा १०० मीटर आणि तुमची अँटेना ४ मीटरवर असेल, तर (१० + २) × २.२५ म्हणजे २७ मैल. म्हणून अँटेना शक्य तितकी उंच, डोलकाठीच्या टोकावर हवी. स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) फार आवळू नका: खरखर नुकती थांबेल तिथेच ठेवा, नाहीतर दूरचं केंद्र खरखरीबरोबरच कापलं जातं.

ऐकून लिहिणं ही वेगळी कला आहे. वाचन जलद असतं आणि वाचणारा तुमच्यासाठी थांबत नाही. आधीच कागदावर रकाने आखून ठेवा: दिलेली वेळ, कधीपर्यंत लागू, विभाग, वारा, समुद्र, हवा, दृश्यता. खुणा ठरवून घ्या आणि फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवा. वाचन संपल्यावर लगेच मुद्रण ऐकून आकडे तपासा.

किनारा दिसेनासा झाल्यावर

इन्मारसॅट-सी वरची सेफ्टीनेट आणि २०२० पासून इरिडियमची सेफ्टीकास्ट या उपग्रह सेवा सुरक्षा संदेश थेट जहाजाच्या टर्मिनलवर उतरवतात. इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर असल्याने साधारण ७६ अंशांपलीकडे ध्रुवाकडे ते दिसत नाहीत. इरिडियम ध्रुवांपर्यंत चालतं. टर्मिनल स्वतःची जागा पाहून कोणते संदेश घ्यायचे ते ठरवतं, म्हणून त्याला जीपीएस जोडलेला हवाच. जोडणी तुटली तर जागा हाताने भरा, जास्तीत जास्त चार तासांच्या अंतराने. पुढच्या आठवड्यात ज्या मेटएरियात शिरणार, तोही आधीच निवडून ठेवा. वादळ तिथूनच तुमच्याकडे येत असू शकतं.

रेडिओफॅक्सवरून एचएफवर नकाशे येतात. नवख्या माणसाला इथे पहिल्याच पायरीला ठेच लागते: जाहीर केलेल्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लावला की नुसता आवाज येतो, चित्र उमटत नाही. अप्पर साइडबँडवर (एचएफ रेडिओच्या एका पद्धतीवर) जाहीर आकड्यातून १.९ किलोहर्ट्झ वजा करावे लागतात. ८६८२ जाहीर असेल तर ८६८०.१ लावा. सॉफ्टवेअरमध्ये वेग १२० ओळी प्रतिमिनिट आणि आयओसी (चित्राच्या बारकाव्याचा आकडा) ५७६ ठेवा. नकाशा तिरका उमटला तर संगणकाचं घड्याळ जुळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तिरकेपणाची दुरुस्ती करा. नकाशा मधोमध फाटून दोन कडांना गेला असेल, तर सुरुवातीचा जुळणीचा संकेत हुकला आहे.

ग्रिब फाइल म्हणजे संगणकी मॉडेलचे कच्चे आकडे. मंद उपग्रह फोनवर ती मागवताना क्षेत्र लहान ठेवा, जाळी (आकड्यांच्या जागांमधलं अंतर) एक अंशाची, आणि फक्त वारा व दाब मागा. २४०० बिट प्रतिसेकंद वेगाने २० किलोबाइटला निव्वळ ६७ सेकंद लागतात, प्रत्यक्षात आणखी जास्त. ग्रिबवर बाण रेखीव दिसतात म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नका. ते माणसाच्या नजरेखालून गेलेले नसतात. त्यात सीमापृष्ठं (उष्ण आणि थंड हवेमधल्या सीमा) आखलेली नसतात, गडगडाटी ढगाखालचा अचानक येणारा सपाटा सापडत नाही, आणि भूशिरावरून किंवा सामुद्रधुनीतून वाढणारा वाराही कमीच दिसतो. चक्रीवादळाच्या गाभ्याचा वारा जाडसर जाळीत हमखास कमी पडतो. ग्रिब आणि अधिकृत अंदाज जुळले नाहीत तर अधिकृत अंदाज धरा.

हातात आलेला संदेश वाचताना

पूर्ण संदेशाचे तीन भाग याच क्रमाने येतात: इशारे, एकूण परिस्थिती, विभागवार अंदाज. घाईत लोक थेट तिसऱ्यावर जातात. दुसरा भाग सोडू नका. कमी दाबाचं केंद्र कुठे आहे आणि कोणत्या वेगाने सरकतं आहे हे तिथेच असतं, आणि अंदाज चुकायला लागला तर कोणत्या दिशेने चुकतो आहे हे त्यावरूनच उमगतं.

वेळेचा गट ‘१४२१००’ असा असेल तर तो १४ तारीख, २१:०० यूटीसी. पूर्वेकडच्या बोटीवर तेव्हा १५ तारीख लागलेली असू शकते. चार्ट टेबलावर एक घड्याळ कायम यूटीसीवर ठेवा.

वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती. प्रवाहाची दिशा म्हणजे तो जिथे जातो ती. दिलेला वारा सरासरी असतो, झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतो. वाऱ्याच्या जोराच्या ब्यूफोर्ट मापावर ८, म्हणजे ३४ ते ४० नॉट, तिथून वादळी वाऱ्याचा इशारा सुरू होतो. १० म्हणजे ४८ ते ५५, आणि १२ म्हणजे ६४ नॉटपासून पुढे. लाटांची उंची म्हणून दिलेला आकडा सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो. ३ मीटर वाचलंत तर काही तासांत एखादी सुमारे ६ मीटरची लाट येईल हे धरूनच दारं-झाकणं बंद करा.

काही शब्दांना ठरलेला अर्थ असतो. ब्रिटिश सागरी अंदाजात ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा, ‘लेटर’ म्हणजे बारा ते चोवीस तास. दुसऱ्या देशाच्या प्रसारणात हेच अर्थ धरू नका, त्या सेवेची सूची पाहा.

चक्रीवादळाच्या मार्गाचा अंदाज मिळाल्यावर नकाशावर ३४ नॉट वाऱ्याचा घेर काढा आणि त्यात २४ तासांच्या जागेसाठी १००, ४८ साठी २००, ७२ साठी ३०० मैल मिळवा. त्या वर्तुळांच्या बाहेर राहायचं. नुसत्या मधल्या रेषेपासून अंतर मोजणं धोक्याचं आहे, कारण अंदाज चुकण्याची जागा त्यात धरलेली नसते.

संदेश पडताळायला बॅरोमीटर आहेच. दर तासाला आकडा लिहा. तीन तासांत ३.६ ते ६ हेक्टोपास्कल उतरणं म्हणजे दाब वेगाने पडतो आहे. ६ च्या वर फारच वेगाने. उष्ण कटिबंधात दाब रोजच थोडा वर-खाली होतो. तो फरक वजा करूनही ऋतूच्या सरासरीपेक्षा ५ हेक्टोपास्कल कमी असेल, तर जवळपास चक्रीवादळ आहे असंच धरून चला, रेडिओ काहीही सांगो.

संदेशाची वाट उलटीही चालते. बऱ्याच जहाजांवरून ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला निरीक्षणं पाठवली जातात आणि पुढचा अंदाज त्यावर उभा राहतो. ज्याचा इशारा आलेला नाही असा ब्यूफोर्ट १० किंवा जास्त वारा भेटला, तर ते जवळच्या जहाजांना आणि किनाऱ्याला कळवणं सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कप्तानाचं कर्तव्य आहे. लहान बोटीनेही कळवावं: यूटीसी वेळ, अक्षांश-रेखांश, वाऱ्याची दिशा आणि जोर, दाब व तीन तासांतला फरक, लाटांची उंची, आपला मार्ग आणि वेग. एवढं ‘सेक्युरिते’ म्हणून दोन वेळा सावकाश वाचायला दीड मिनिट पुरतं.