मीटर शून्य दाखवत होता

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो तेव्हा पहिले दोन महिने माझ्याकडे कुलुपांचंच काम होतं. मशीन उघडायच्या आधी आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडणारा स्विच, पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, नावाची पट्टी लटकवायची आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. दांडिया बाजारात घरी सांगितलं तर आई म्हणाली, "आयटीआय करून वॉचमन झालास होय!" खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

मग एपीएफसी पॅनेलचं काम आलं. पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर बसवलेलं कपाट ते. आयसोलेटर पाडला, कुलूप घातलं, कपॅसिटरच्या टर्मिनलना मीटर लावला. शून्य. स्क्रू ड्रायव्हर पुढे नेला तोच फोरमनकाकांनी मनगट धरलं. काही न बोलता मीटरचा नॉब एसीवरून डीसीवर फिरवला आणि टोकं पुन्हा टेकवली. आकडा तीनशेच्या वर! "लाइट गई एटले लाइन गई नहीं," एवढंच गुजरातीत म्हणाले. लाइट गेली म्हणजे लाइन गेली असं नाही.

सप्लाय तोडल्यावर कपॅसिटरमध्ये उरतो तो चार्ज डीसी असतो, एसीवर ठेवलेल्या मीटरला तो दिसत नाही. तो उतरावा म्हणून डिस्चार्ज रेझिस्टर असतात, पण आमचा जळलेला होता आणि बाहेरून काही कळत नव्हतं. म्हणून निदान पाच मिनिटं थांबा, डीसीवर मोजा, उरलेला चार्ज रेझिस्टरवाल्या डिस्चार्ज काठीने उतरवा, पुन्हा मोजा आणि काम संपेपर्यंत टर्मिनल शॉर्ट करून ठेवा.

मीटरवरही आंधळा विश्वास नको. आधी चालू सॉकेटवर बघायचा, मग पॅनेलवर, मग परत त्याच सॉकेटवर. मधेच लीड तुटली तरी तो शून्यच दाखवणार. खिशातला निऑन टेस्टर तर "लाइन बंद आहे" हे ठरवायला मी वापरतच नाही. रबर मॅटवर उभं राहिलं की तो मिणमिणतो, दुपारच्या उजेडात तेही दिसत नाही.

नवी पोरं म्हणतात, आरसीसीबी आहे ना! ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा स्विच जमिनीकडे गळणारा करंट पकडून सप्लाय तोडतो. पण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर गेलेला करंट तितकाच परत येतो, त्याला काही कळत नाही. आणि साधारण १० मिलिअँपिअरलाच मूठ आवळते, तार सोडवत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर सगळ्यांनाच मशीन चालू करायची घाई होती. आम्ही भिजलेल्या मोटरींचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासलं. एक मेगओहमच्या खाली दाखवणाऱ्या मोटरी बाजूला काढून वाळवायला ठेवल्या. शिव्या खाल्ल्या, पण सप्लाय दिला नाही.

त्याच आठवड्यात एका कुलपाची किल्ली खिशात घेऊन मी घरी आलो. रात्रपाळीचा फोन आला, कुलूप कापू का? नको म्हटलं आणि साडेदहाला स्कूटर काढली.