मिरवेलीच्या आळ्यात ट्रायकोडर्मा: मिरगाआधीची तयारी

कोकणातल्या पोफळीच्या बागेत मिरवेल (काळ्या मिरीची वेल) मरते ती बहुतेक पावसाळ्यातच. फायटोप्थोरा बुरशी साचलेल्या पाण्यातून मुळांशी पोचते, बुंधा काळा पडून कुजतो आणि बघता बघता हिरवीगार वेल पानं गाळून उभी वाळते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी तिला अडवू शकते, पण त्यासाठी ती मुळांशी आधी वस्तीला आलेली हवी. वेल पिवळी पडल्यावर आळ्यात ओतलेला ट्रायकोडर्मा काही वाचवत नाही. म्हणून हे काम मे महिन्यात सुरू करायचं.

ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशीच्या धाग्यांना विळखा घालतो, त्यांचं आवरण विरघळवून त्यांच्यावर जगतो आणि मुळांजवळची जागा व अन्न आधीच बळकावतो. त्याला स्वतःलाही खायला लागतं. पाकिटातली भुकटी नुसतीच मातीत भुरभुरली तर पहिल्या जोराच्या सरीबरोबर ती वाहून जाते. जांभ्या जमिनीची आम्लता त्याला मानवते, पण आधी त्याला शेणखतात वाढवूनच बागेत न्यायला हवं.

९० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, १० किलो निंबोळी पेंड आणि १ ते २ किलो ट्रायकोडर्मा भुकटी घ्या. पाकिटावरची मुदत बघा आणि एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू असल्याचं छापलेलं आहे का तेही बघा. तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेलं पाकीट मुदतीत असूनही निकामी झालेलं असू शकतं. मिसळताना नाकातोंडावर फडकं बांधा, कारण ही भुकटी छातीत जाता कामा नये.

मिश्रणावर पाणी शिंपडत राहा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतपतच ओल हवी. झाडाच्या गार सावलीत वीतभर उंचीचा थर पसरा आणि ओल्या गोणपाटाने किंवा झावळांनी झाका. प्लास्टिक टाकू नका, आत हवा राहत नाही आणि उष्णता कोंडते. दर तीन-चार दिवसांनी खालीवर करा, सुकलं असेल तर पाणी शिंपडा. आधी पांढरी बुरशी दिसते, मग ती हिरवी पडते. १५ दिवसांत खत तयार होतं.

ढीग बिघडतो तो बहुधा कच्च्या शेणामुळे. ते कुजताना तापतं आणि बुरशी वाढत नाही. आंबूस वास आला, अळ्या पडल्या, तर पाणी जास्त झालंय. ढीग पातळ पसरून वाळू द्या. हिरवा रंग आलाच नाही तर ते खत साधं शेणखत म्हणून वापरा, ट्रायकोडर्माचं म्हणून त्यावर विसंबू नका.

मिरगाचा पाऊस जमिनीत मुरला की प्रत्येक वेलीला २ ते ३ किलो द्या. बुंध्याभोवती पसरून वरच्या मातीत हाताने हलकेच मिसळा. कुदळ मारू नका. मिरीची मुळं वरच्यावर असतात, ती तुटली की त्या जखमेतूनच फायटोप्थोरा आत शिरते. वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. उताराच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट द्या. आळ्यात पाणी तुंबत असेल तर कितीही ट्रायकोडर्मा घाला, उपयोग नाही. दुसरी मात्रा गणपतीच्या सुमारास द्या.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मोरचुदामुळे. तांबेयुक्त औषध आळ्यात ओतलं की रोगाबरोबर मित्रबुरशीही मरते. दोन्हींत निदान १५ दिवसांचं अंतर ठेवा. पानांवर १ टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारायला हरकत नाही, फक्त ते आळ्यात ठिबकणार नाही अशी काळजी घ्या. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तर ट्रायकोडर्माचा वैरीच. चुना द्यायचा असेल तर खताच्या निदान दोन-तीन आठवडे आधी देऊन टाका. चुलीतली राख किंवा रासायनिक खत या मिश्रणात अजिबात कालवू नका.

सुपारीवरचा कोळेरोगही फायटोप्थोराचाच, पण तो वर शिंपुटात (सुपारीच्या घडात) लागतो. तिथे मुळाशी घातलेला ट्रायकोडर्मा पोचत नाही, बोर्डोच हवं. आल्याच्या कंदकुजीवर मात्र तो चांगला चालतो. लिटरभर पाण्यात ८ ते १० ग्रॅम कालवून बेणं अर्धा तास बुडवा, सावलीत सुकवा आणि लावा.

मिरीची रोपं घरी करत असाल तर मायकोरायझा या मुळांशी जगणाऱ्या मित्रबुरशीचाही विचार करा. जांभ्या मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, आणि या बुरशीचे धागे मुळं पोचत नाहीत तिथून तो आणून देतात. पण ती ट्रायकोडर्मासारखी खताच्या ढिगात वाढत नाही, तिला जिवंत मूळच लागतं. म्हणून पिशवीत छाट लावताना ती नेमकी छाटाच्या बुडाशी, मूळ फुटेल तिथेच घाला, आणि त्या पिशवीत सुपर फॉस्फेटचा मारा करू नका, कारण स्फुरद आयता मिळाला की रोप या बुरशीला जवळ करत नाही.